आजोबांना अजून भाजतंय का?

जालना जिल्ह्यातील एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश येथे देतो. त्यांचे माहेर वारकरी असून लग्नानंतर काही वर्षांनी त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. वडिलांनी त्यावरून कधी अबोला धरला नाही. नाताळच्या उपासनेला ते पेढ्यांचा पुडा घेऊन येत आणि टोपी मांडीवर ठेवून शेवटच्या बाकावर बसत. गेल्या कार्तिकात ते वारले. त्यानंतर झालेल्या उज्जीवन सभेत (विश्वास जागा करण्यासाठी भरवलेल्या सभेत) बाहेरगावच्या एका उपदेशकांनी नरकातील उकळत्या तेलाच्या कढयांचे वर्णन केले आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेले आईबाप या क्षणी तेथेच आहेत व कोट्यवधी वर्षांनीही तेथेच असतील, असे ठामपणे सांगितले. घरी परतताना नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, "आई, आजोबांना अजून भाजतंय का?" त्या रात्रीपासून तो दिवा मालवू देत नाही. भगिनींचे प्रश्न असे आहेत : बायबलमधला नरक नेमका कसा आहे, तो खरोखरच कधी संपत नाही का, आणि "जिथे माझे बाबा नाहीत त्या स्वर्गात मला जावेसे वाटत नाही, हे पाप आहे का?" बाबांचे टाळ आपण भीतीने ट्रंकेत ठेवून दिले आहेत, असेही त्यांनी शेवटी लिहिले आहे.

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

मुलाचे उत्तर आधी देतो, कारण तो रात्री जागा आहे आणि आपण मोठी माणसे आणखी काही दिवस थांबू शकतो. त्याला जवळ घेऊन सांगा की आजोबांना भाजत नाही, आजोबा देवाच्या हातात आहेत, आणि देव कोणालाही कढईत तळत नाही. या वाक्यात "बहुतेक" किंवा "असे वाटते" असे काही घालू नका. हे केवळ लेकराची समजूत काढण्यासाठी सांगायचे आहे, असे मात्र मानू नका. बायबल उघडून पुढ्यात ठेवूनही मी हेच म्हणेन, आणि ते का म्हणेन हे आता सविस्तर लिहितो.

त्या कढईपासूनच सुरुवात करू. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कोठेही नरकात तेलाची कढई नाही, आणि पापी माणसांना टोचणारे, भाजणारे सैतानाचे दूतही नाहीत. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतान स्वतःच अग्निसरोवरात टाकला जातो. तो तेथला तुरुंगाधिकारी नाही. कढया आल्या त्या एकीकडे मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या भिंतींवरील चित्रांतून, आणि दुसरीकडे आपल्याच पुराणांतून. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची नावे आहेत. त्यातील कुंभीपाक आणि रौरव हे शब्द तर तुमच्या आजीच्या बोलण्यातही आले असतील. मराठीत बायबल आणताना भाषांतरकारांना "नरक" हा तयार शब्द मिळाला, आणि त्या शब्दाबरोबर ती सारी चित्रे आमच्या मंडळ्यांत आली. एक गोष्ट मात्र येताना वाटेत गळून पडली. पुराणांतला नरक संपतो, कर्माचे फळ भोगून झाले की जीव तेथून सुटतो आणि पुन्हा जन्म घेतो. त्या उपदेशकांनी कढई पुराणांतली घेतली, अनंतकाळ ख्रिस्ती परंपरेतला घेतला, आणि दोन्ही एकत्र करून एका नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात ठेवले. पुराणांतले चित्रसुद्धा इतके निर्दय नाही.

आता बायबलच्या शब्दांकडे येऊ. जुन्या करारात मेलेले सगळेच "शिओल"मध्ये जातात. आपल्या मराठी बायबलमध्ये त्यासाठी "अधोलोक" हा शब्द आहे, आणि तो योग्य आहे. याकोबासारखा कुलपितासुद्धा योसेफासाठी शोक करताना आपण अधोलोकातच उतरणार असे म्हणतो, आणि बायबलमधील "उपदेशक" नावाच्या पुस्तकात तर तेथे काम नाही, विचार नाही, ज्ञान नाही, असे लिहिले आहे. ती शांत, अंधारी, सर्वांची जागा आहे. तेथे आग नाही. नव्या करारात त्याच्या जागी "हेडीस" हा ग्रीक शब्द येतो. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात हे शब्द आणि खऱ्या अर्थाने नरकासाठी असलेला शब्द अनेक ठिकाणी एकाच शब्दाने भाषांतरित झाल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला. या बाबतीत आपले मराठी बायबल वाचणारा माणूस जास्त भाग्यवान आहे, कारण "अधोलोक" आणि "नरक" हे त्याच्या पानावर वेगळे दिसतात. तुम्ही स्वतः पेन्सिल घेऊन दोन्ही शब्दांखाली रेघा ओढत जा. एका आठवड्यात तुम्हाला पुष्कळ काही दिसू लागेल.

नरक म्हणून जो शब्द येतो तो "गेहेन्ना". नव्या करारात तो एकूण बारा वेळा येतो. त्यांपैकी अकरा वेळा तो प्रभू येशूच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात. इतका प्रवास करून सुवार्ता सांगणाऱ्या पौलाने आपल्या पत्रांत हा शब्द एकदाही वापरलेला नाही. गेहेन्ना हे मुळात खऱ्या जागेचे नाव आहे : यरुशलेमच्या दक्षिणेला असलेले हिन्नोमचे खोरे. आहाज आणि मनश्शे या राजांच्या काळात लोकांनी तेथे आपली मुले अग्नीत होम केली. योशिया राजाने ती जागा भ्रष्ट करून ती प्रथा बंद पाडली, आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला "वधाचे खोरे" म्हटले. तेथे गावाचा कचरा सतत जळत असे, असे पुष्कळ प्रवचनांत सांगितले जाते, परंतु ती माहिती येशूच्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली आणि उत्खननात तिला भक्कम आधार मिळालेला नाही. मी ती सांगणे सोडून दिले आहे. यहुद्यांच्या मनात त्या खोऱ्याची जी धास्ती होती तिचे कारण कचरा नव्हता, तेथे जाळलेली लेकरे होती. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात देव या होमाविषयी म्हणतो की हे मी सांगितले नव्हते, माझ्या मनातही आले नव्हते. नरकाला ज्या जागेचे नाव मिळाले त्या जागेबद्दल देवाचे पहिले बोलणे हे आहे की मुलांना आगीत घालणे त्याच्या मनात कधी आलेच नाही. ज्यांना लहान मुलांसमोर आगीची प्रवचने द्यावीशी वाटतात त्यांनी हा अध्याय आधी वाचावा, असे मला मनापासून वाटते.

याच खोऱ्याच्या काठावर १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय या पुरातत्त्वज्ञाच्या तुकडीला खडकात कोरलेल्या जुन्या कबरींमध्ये चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक सुरळ्या सापडल्या. गळ्यात घालायच्या ताईतासारख्या त्या होत्या. त्या उलगडायला काही वर्षे लागली, कारण पत्रा इतका पातळ आणि ठिसूळ झाला होता. आत कोरलेली अक्षरे साधारण सव्वीसशे वर्षांपूर्वीची, आणि बायबलमधील मजकुराचा आज हाती असलेला तो सर्वांत जुना नमुना आहे. मजकूर कोणता? बायबलमधील गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला, तुमचे पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी हात उंचावून उच्चारतात तोच आशीर्वाद : परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो. कोणीतरी आपल्या मेलेल्या माणसाजवळ, हिन्नोमच्या खोऱ्याच्या काठावर, हे शब्द ठेवून गेले होते. यातून कोणताही सिद्धान्त निघत नाही हे मला ठाऊक आहे. तरी तुमचे पत्र वाचताना मला प्रथम या सुरळ्याच आठवल्या.

आता कालावधीचा प्रश्न, आणि येथे मला तुमच्याशी अगदी प्रामाणिक राहिले पाहिजे. नरकाची शिक्षा कधीही संपत नाही, असेच ख्रिस्ती मंडळीने बहुसंख्येने शिकवले आहे. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हटले की तेथे "सार्वकालिक जीवन" आणि "सार्वकालिक शिक्षा" यांसाठी एकच शब्द आहे. तेव्हा जीवन अंतहीन मानायचे असेल तर शिक्षाही अंतहीन मानली पाहिजे. हा युक्तिवाद हलका नाही. कॅथलिक चर्चने हेच धरून ठेवले, आणि १५३० च्या लुथरन विश्वासपत्रात तर शिक्षेला शेवट आहे असे म्हणणाऱ्यांचा निषेध केलेला आहे. तेव्हा तुमच्या उपदेशकांनी "अनंत" हा शब्द स्वतःच्या मनाने काढला असे मी म्हणणार नाही.

परंतु त्याच बायबलमध्ये दुसरे धागेही आहेत, आणि ते वाचणारे लोक अविश्वासू नव्हते. "सार्वकालिक" यासाठीचा ग्रीक शब्द "युग" या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. यहूदाच्या पत्रात सदोम व गमोरा "सार्वकालिक अग्नीची" शिक्षा भोगत आहेत असे म्हटले आहे. ती नगरे आज जळत नाहीत, ती नष्ट झाली, आणि तो नाश कायमचा आहे. ज्या किड्याला मरण नाही आणि ज्या अग्नीला विझणे नाही त्याचा उल्लेख प्रभूने यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीतून घेतला आहे, आणि यशयात ते किडे जिवंत माणसांना नव्हे, प्रेतांना लागलेले आहेत. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आत्मा आणि शरीर या दोहोंचा नरकात "नाश" करू शकणाऱ्याचे भय धरा असे सांगितले आहे, आणि रोमकरांस पत्रात पापाचे वेतन "मरण" आहे असे लिहिले आहे. कोट्यवधी वर्षांचा छळ असे लिहिलेले नाही. यावरून काही ख्रिस्ती लोक असे मानतात की जे शेवटपर्यंत देवाला नाकारतात ते अखेरीस नाहीसे होतात. पुण्यात औंधला ज्यांचे स्पायसर महाविद्यालय उभे राहिले त्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेन्टिस्ट मंडळींची ही अधिकृत शिकवण आहे. आणि जगभरच्या सुवार्तिक मंडळ्या ज्यांना आपले गुरू मानत त्या इंग्लंडच्या जॉन स्टॉट यांनीही १९८८ मध्ये आपला कल या बाजूला आहे असे, अत्यंत संकोचाने का होईना, जाहीर केले.

सर्वांचे अखेरीस तारण होईल अशी आशा धरणारेही सुरुवातीच्या शतकांपासून आहेत. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन याच्या नावाने चालणाऱ्या अशा मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला, मात्र तशीच आशा बाळगणारा चौथ्या शतकातील बिशप, निस्साचा ग्रेगरी, आजही संत मानला जातो. सातव्या शतकात निनवेचा बिशप झालेल्या इसहाकने लिहिले की नरकात माणसाला जो चटका बसतो तो देवाच्या प्रेमाचाच असतो. ज्या प्रेमाचा आपण अपमान केला ते प्रेम समोर दिसते आणि सहन होत नाही.

तुमच्या प्रश्नाला आपल्याच मातीत एक जुने उत्तर आहे, आणि ते तुमच्या उपदेशकांना ठाऊक असते तर बरे झाले असते. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेले अमेरिकन मिशनरी. १८७४ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ते सेवा करीत होते. गावोगाव शुभवर्तमान सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला जो प्रश्न ऐकावा लागे तो तुमचाच होता : हे सगळे खरे असेल तर आमचे वाडवडील कोठे आहेत? १८८६ मध्ये सुटीवर अमेरिकेत असताना ह्यूम यांनी एका मताला जाहीर सहानुभूती दाखवली. या जन्मात ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालीच नाही त्यांना मृत्यूनंतर तशी संधी मिळेल अशी आशा धरण्यास जागा आहे, असे ते मत होते. त्यावरून त्यांना पाठवणाऱ्या मिशनरी बोर्डात मोठे वादळ उठले आणि त्यांचे भारतात परतणे अडवून धरण्यात आले. अखेर १८८७ मध्ये त्यांना परत येता आले. आणि परत आल्यावर त्यांनी काय केले? पुढची कित्येक दशके ते नगर भागात शिकवत राहिले आणि १९०० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात अन्नछत्रे व अनाथ मुले सांभाळत राहिले. नरकाची धमकी ढिली झाली की सुवार्तेचे काम थंडावते असे म्हणणाऱ्यांना मी नेहमी ह्यूम यांच्याकडे बोट दाखवतो.

(मुंबईतच, एका मिशनरी कुटुंबात, १८३१ मध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फरार यांनी १८७७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अनंत छळाच्या शिकवणुकीविरुद्ध प्रवचने दिली आणि सारे इंग्लंड त्यावर भांडले. मुंबईत जन्मलेल्या दोघांनी दहा वर्षांच्या आत हाच प्रश्न जगापुढे आणावा, याचे मला नेहमी विशेष वाटते.)

मी स्वतः काय मानतो, असे तुम्ही विचारले नसले तरी सांगितले पाहिजे, कारण सल्ला देणाऱ्याने आडोशाला उभे राहू नये. नरक नाही, असे मी म्हणणार नाही. ज्या पंचविसाव्या अध्यायावर ऑगस्टीनने बोट ठेवले त्यात शिक्षा कोणाला आहे ते पाहा : भुकेल्याला ज्यांनी खायला दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, आजाऱ्याची व तुरुंगातल्याची विचारपूस केली नाही त्यांना. तेथे बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागत नाही. उजव्या बाजूच्या, म्हणजे आशीर्वादित ठरलेल्या, लोकांना तर आपण प्रभूची सेवा केली हे ठाऊकही नव्हते. ते आश्चर्याने विचारतात की प्रभो, आम्ही तुला कधी पाहिले? जगातल्या क्रूरपणाचा हिशेब कोठेच होणार नाही असे मला मानवत नाही, म्हणून मी न्यायावर विश्वास ठेवतो. तो हिशेब किती काळ चालेल, हे केवळ "सार्वकालिक" या शब्दावरून ठरवता येत नाही, असे माझे मत आहे. आणि कोणत्याही एका माणसाचे नाव घेऊन "तो तेथे आहे" असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नाही, याविषयी तर मला काडीइतकीही शंका नाही. कॅथलिक चर्चने हजारो संतांची नावे जाहीर केली, परंतु अमुक माणूस नरकात आहे असे एकाही नावाविषयी अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. त्याच चर्चने १९६४ मध्ये स्पष्ट म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही आणि जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात त्यांचेही तारण होऊ शकते. आपण प्रॉटेस्टंट असलो म्हणून हा संयम आपल्याला शिकता येणार नाही असे नाही. तुमच्या सभेतल्या उपदेशकांनी देवाच्या न्यायासनावर जाऊन बसण्याचे धाडस केले. ते त्यांनी करायला नको होते.

"बाबा नसतील त्या स्वर्गात मला जावेसे वाटत नाही." हे वाक्य लिहून तुम्ही पुढे तीन प्रश्नचिन्हे काढली आहेत. ताई, रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडा. आपल्या रक्ताच्या बांधवांसाठी आपण स्वतः ख्रिस्तापासून तोडले गेलो तरी चालेल अशी माझी इच्छा झाली असती, असे पौल तेथे लिहितो. तुम्ही जे लिहिले आहे ते त्याहून फार वेगळे नाही, आणि पौलाला त्याबद्दल कोणी पापी म्हटले नाही. सदोमेसाठी अब्राहाम देवाशी पन्नासापासून दहापर्यंत घासाघीस करतो आणि तोंडावर विचारतो की सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? देव रागावत नाही. तो प्रत्येक वेळी उत्तर देतो. तुमच्या मनात वडिलांविषयी जी माया आहे ती देवाने ठेवलेली आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या मायेपेक्षा मोठी असेल असे मला कधीच खरे वाटणार नाही.

वडिलांसाठी प्रार्थना करावी का, हे तुम्ही ओझरते विचारले आहे. आपल्या मंडळ्यांत मृतांसाठी मागणे करण्याची रीत नाही, हे खरे. वसईकडच्या कॅथलिक घरांत ती सहज आहे. तुमचा विवेक अडखळत असेल तर मागणे करू नका, त्यांच्याबद्दल आभार माना : पेढ्यांच्या पुड्याबद्दल, शेवटच्या बाकाबद्दल, न तोडलेल्या नात्याबद्दल. प्रेषितांच्या विश्वासांगिकारात, म्हणजे उपासनेत आपण म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, ख्रिस्त अधोलोकात उतरला असे म्हटले जाते, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात तर मेलेल्यांनाही शुभवर्तमान सांगण्यात आले असे आहे. या ओळींचा अर्थ काय यावर विद्वानांचे एकमत नाही. तरी तो जेथे पोहोचू शकत नाही अशी जागा मृत्यूपलीकडे आहे असे समजण्याचे कारण आपल्याला कोठेच दिलेले नाही.

आता घरातल्या गोष्टी. तुमच्या पाळकसाहेबांना एकट्याने भेटा आणि झालेला प्रकार, विशेषतः मुलाची झोप, शांतपणे सांगा. पुढच्या सभेत लहान मुलांची वेगळी बसण्याची सोय करता येईल का हेही विचारा. ही मागणी रास्त आहे आणि ती मान्य होईल असे मला वाटते. मुलाचा दिवा काही दिवस राहू द्या, त्यावरून त्याला बोलू नका. महिनाभरात झोप सुधारली नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यात विश्वासाची उणीव नाही. माहेरी आई आहे, तिला या सभेतले काही सांगू नका. तिला शुभवर्तमान ऐकवायचे असेल तर तुमच्या वागण्यातून ती ते इतकी वर्षे ऐकतेच आहे.

राहिले टाळ. नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि याच नगर भागात त्यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तन उभे केले. तुमच्या मंडळीत आजही भजनाला टाळ लागतात, ते कोणत्या दुकानातून आले हे कोणी विचारत नाही. बाबांचे टाळ ट्रंकेतून काढा. पितळेवर काळसर थर चढला असेल, तो मुलाकडून चिंचेने घासून घ्या. दोरी जुनी झाली असेल तर नवी ओवा. आणि येत्या रविवारी भजनाच्या वेळी ते त्याच्या हातात द्या. शेवटच्या बाकावर बसला तरी चालेल.

आपला,
सदरलेखक